हेडसरांच्या स्कूटरचा उतार

“आणि हसत ये,” हेडसर म्हणाले. “रडवं तोंड घेऊन आलीस तर साहेबांना वाटेल, आम्हीच तुला काही केलंय.”

महानंदा हसली नाही. ती आपल्या तीनचाकी सायकलवर बसून समोरचा उतार बघत होती. व्हरांड्याच्या पायऱ्यांना लागून विटा रचून, वर सिमेंट घोटून केलेला. लांबीला जेमतेम बाजेएवढा आणि हात घसरेल इतका गुळगुळीत.

“सर, ह्याच्यावर माझी गाडी चढत न्हाई.”

“न चढायला काय झालं? माझी रोज चढते.”

“तुमचीला इंजिन हाय.”

शेजारी उभे असलेले विज्ञानाचे रेंगे सर खोकल्याचं निमित्त करून वळले. हेडसरांनी त्यांच्या पाठीकडे रागानं बघितलं आणि मग महानंदाकडे मान कलती करून बघितलं.

ती कलती मान महानंदाच्या चांगल्या ओळखीची होती. लहानपणी तापात पाय गेल्यापासून तिच्याशी बोलताना लोकांची मान आपोआप एका बाजूला झुकायची आणि आवाज मऊ व्हायचा. परभणीच्या कुठल्याशा मंडळानं ही तीनचाकी दिली, त्या दिवशी तर माना इतक्या झुकल्या होत्या की फोटोत सगळं व्यासपीठ डुलक्या घेतंय असं दिसत होतं. हार घालून, फोटो काढून मंडळी गेली. ब्रेक महिन्याभरात तुटला, तेव्हा त्यांच्यातलं कोणी आलं नाही.

गाव पोखर्णीच्या रस्त्यावरचं. महानंदाचे वडील शिवमूर्ती किराणा दुकान चालवायचे आणि गिऱ्हाइकाशी सोडून कोणाशी भांडायचे नाहीत. भांडणं आईकडे होती. भागम्मा दोन वर्षांपूर्वी शाळेत येऊन हेडसरांना, म्हणजे दिनकररावांना म्हणाली होती, “पायऱ्यांच्या बाजूला येक उतार करून द्या. पोरगी हातावर अंग उचलत चढायलीय रोज.”

“बाई, त्याला वरून मंजुरी लागते. सरकारी काम असंच होत नसतं.”

मग गेल्या दिवाळीत दिनकररावांनी स्कूटर घेतली. उन्हानं सीट तडकू नये आणि पोरांनी हवा सोडू नये म्हणून ती व्हरांड्यात ठेवायचं ठरलं. एका रविवारी गवंडी आला आणि उतार करून गेला. मंजुरी वरून आली की बाजूनं, ते कोणी विचारलं नाही. उताराच्या तोंडाशी स्कूटर उभी असायची. महानंदा आपली गाडी लिंबाखाली सोडायची आणि पायऱ्यांवरून हातांवर चढायची. कोणी उचलायला पुढं आलं की म्हणायची, “सरका.”

नववीपर्यंत हे असं चाललं. दहावी मात्र माडीवर बसायची. का, तर पहिल्यापासून बसते म्हणून. बाहेरून लोखंडी जिना, वर एकच खोली. तिथून बाजारपेठ दिसायची. पोरं वर्षभर खालच्यांच्या डोक्यावर खडूचे तुकडे टाकायची, आणि हीच दहावीची शान समजली जायची. जूनमध्ये पहिल्याच दिवशी महानंदा तो जिनाही चढली. हेडसरांनी तिला वरच्या पायरीवर गाठलं.

“पडली तर जिम्मेदारी कोणाची?”

“माझी.”

“तू नाबालिग आहेस.”

तिला खाली आणून बसवलं. भागम्मा तणतणत आली. “वर्गच खाली घ्या की! त्या पोरांचे पाय चांगले हायत न्हवं, त्येंना खाली उतरायला काय झालं?”

“दहावी खाली आणली तर दहावीची इज्जत काय राहील?” दिनकरराव म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं. त्यांनी मोठ्या मनानं मार्गही सांगितला. घरी बसून अभ्यास करायचा, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि बाहेरून परीक्षा द्यायची.

रेंगे सरांनी दुकानात साखर घेता घेता हळूच सांगितलं होतं, “बाहेरून बसलीस तर आपल्या प्रयोगशाळेत घेणार नाहीत. प्रयोगाविना पुढं सायन्स अवघड आहे, बाई.”

आणि महानंदाला सायन्सलाच जायचं होतं. आठवीत रेंगे सरांनी ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून वर पेला उपडा घातला होता. मेणबत्ती विझली आणि पेल्यात पाणी चढलं. प्राणवायू संपला म्हणून चढलं, असं सर म्हणाले. महानंदानं विचारलं, प्राणवायू जळता जळता संपत होता, तर पाणीही हळूहळू चढायला पाहिजे होतं. ते विझल्यावर एकदम का चढलं? सर पेला पुसायला लागले आणि म्हणाले, “ते परीक्षेला नाही.” खरं कारण कळेपर्यंत तिला शाळा सोडायची नव्हती.

जुलैत तालुक्याहून निरोप आला. अपंग मुलांना साध्या शाळेतच शिकवायची सरकारी योजना आली आहे, आणि ती कशी चालली आहे ते बघायला साहेब येणार आहेत. शाळेत धावपळ उडाली. पुढच्या भिंतीला चुना मारला. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या घोषणा एकाच हातासरशी गेल्या. स्कूटर मुतारीच्या मागं लपवली. तिचा उतार रातोरात योजनेतला झाला. आता त्याच्यावरून चढणारं कोणी पाहिजे होतं. महिनाभर घरी बसवलेल्या महानंदाला बोलावणं गेलं.

“हे बघ,” हेडसर खाली वाकून म्हणाले, “आज नीट कर. ते सतरा नंबरचं मी बघतो.”

“बघतो म्हंजे?”

“म्हणजे बघतो.”

“मला वर्गात बसवणार का?”

“आधी आजचं तर पार पडू दे! मी मागून हात लावतो. तू फक्त हस.”

महानंदानं पुन्हा उताराकडे बघितलं. चढ जितका तोकडा तितका जोर जास्त, हे याच शाळेत, यांच्याच फळ्यावर शिकवलं होतं. शिकवणारेही इथंच उभे होते, पण सांगायची टाप एकाचीही नव्हती. ती म्हणाली, “बरं.”

साहेबांची जीप उशिरा आली. साहेब जाड होते, घामेजले होते आणि स्वयंपाकाच्या वासाकडे त्यांची मान सारखी वळत होती. त्यांना व्हरांड्यात उभं केलं. त्यांच्या मागं शिक्षक, आणि पार कडेला, कोणी बोलावलं नसताना आलेली भागम्मा.

“आपल्या शाळेनं विशेष बाब म्हणून हा उतार,” असं म्हणत दिनकररावांनी तीनचाकीला मागून दोन्ही हात लावले आणि जोर केला.

महानंदानं पुढचा हँडल फिरवला. गाडी अर्ध्यात गेली आणि अडली. पुढचं चाक हलकं होऊन उचललं, हँडल नुसताच फिरायला लागला. दिनकररावांच्या नव्या चपला घोटलेल्या सिमेंटवरून घसरल्या. त्यांनी गुडघा टेकला आणि छाती गाडीच्या पाठीला लावली. आता वर रेटायला बळ नव्हतं, आणि हात काढला तर गाडी अंगावर येणार होती.

“सर, सोडू नका,” महानंदा म्हणाली. “ब्रेक न्हाई.”

साहेबांना वाटलं, पोरगी प्रश्न विचारण्यासाठीच थांबवली आहे. त्यांनी मान कलती केली.

“नाव काय बाळ?”

“महानंदा शिवमूर्ती.”

“कितवीत?”

“दहावीत. पण बसत न्हाई.”

“म्हणजे?”

“दहावी माडीवर हाय. हेडसर म्हनले, बाहेरून फॉर्म भर.”

“बाळ… वर… घे…” मागून आवाज आला.

“हँडल फिरायलाय सर, गाडी चढायली न्हाई. मी सकाळीच सांगितलंतं.” ती पुन्हा साहेबांकडे वळली. तिला घाई नव्हती. “आन हा उतार माझा न्हाई, साहेब. हा स्कूटरचा हाय.”

“कोणाच्या स्कूटरच्या?”

एका मास्तरानं तोंडाला रुमाल लावला. कडेची भागम्मा म्हणाली, “ती बघा की, मुतारीच्या मागं दडवलीय!”

महानंदाला पाठीमागचा श्वास ऐकू येत होता. भात्यासारखा. जिम्मेदारी कोणाची, असं विचारणारा माणूस ती छातीशी धरून गुडघ्यावर बसला होता. तिला वाटलं होतं, असं काही कधी झालं तर आपल्याला आनंद होईल. तसा फार झाला नाही. तिला फक्त दिसलं, की तिच्याएवढ्या एका पोरीचं ओझंसुद्धा या माणसाला घटकाभर झेपत नाही, आणि इतके दिवस आपण याच्याकडे मागत होतो.

शेवटी रेंगे सर पुढं झाले. त्यांनी आणि आणखी एकानं गाडी धरून वर ओढली. दिनकरराव उठले, पँटच्या गुडघ्याला चुना लागला होता.

साहेब भडकले. “हे काय दाखवायलेत मला, दिनकरराव? अख्ख्या तालुक्याच्या माझ्या अहवालात ही एकच पोरगी आहे! ती बाहेरून बसली तर मी वर काय दाखवू, शून्य? वर्ग खाली घ्या. आजच.”

असा महानंदाला वर्ग मिळाला. तिचा हक्क साहेबांना पटला म्हणून नव्हे. शून्याची भीती वाटली म्हणून. नंतर साहेबांनी पुरणपोळी तुपात बुडवून खाल्ली, दिनकररावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघांनी महानंदाला मधे घेऊन फोटो काढला. फोटोत माना पुन्हा झुकल्या.

त्याच आठवड्यात उतार पहारीनं फोडला. मापात बसत नाही म्हणून, असं कारण सांगितलं. ते कारण मात्र अगदी खरं होतं.

दहावी खाली आली, मोडक्या बाकांच्या खोलीत. माडी गेली, बाजारपेठ गेली, खडू टाकायला कोणाचं डोकं राहिलं नाही. “हिच्यापायी आमी अडगळीत आलो,” असं पोरं तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची. पहिलीपासून तिच्याजवळ बसणारी मालन दोन रांगा पुढं गेली. दुपारच्या सुट्टीत तिनं एकदाच मागं वळून बघितलं आणि म्हणाली, “आमचं वर चांगलं होतं गं.”

“जा की मग वर,” महानंदा म्हणाली. “तुला पाय हायत.”

प्रयोगाचा तास आला. रेंगे सरांनी स्पिरिटचा दिवा पेटवला. परीक्षानळीत मोरचुदाचे निळे खडे टाकले आणि विचारलं, कोण तापवतं? मागच्या बॅचनं मोडून ठेवल्यामुळं चिमटा एकच उरला होता आणि तोही सापडत नव्हता. महानंदा बाकाला धरून पुढं सरकली आणि तिनं नळी वरच्या टोकाशी बोटांत धरून ज्योतीवर तिरपी केली.

“अगं, थांब! भाजशील. चिमटा बघू दे.”

“भाजत न्हाई सर.”

काच तापत गेली. नळीच्या तोंडाशी पाण्याचे बारीक थेंब जमले. खडे तळाकडून पांढरे व्हायला लागले. मागची पोरं बघायला बाकांवर चढली. मालन पार तिच्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि मग तिची नजर नळीवरून घसरून महानंदाच्या हातावर गेली. पायऱ्यांनी तो हात टाचेसारखा निबर करून टाकला होता.

महानंदाचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटचा निळा ठिपका जाईपर्यंत तिनं नळी हलू दिली नाही.