गाडीत राहिलेला शुक्र

मित्रांनो, मी एक जुना शुक्र आहे. आकाशातला नव्हे, कागदाच्या लगद्याचा, नारळाएवढा. रायपूरच्या समता कॉलनीत एका कपाटावर माझा मुक्काम असतो. एका बाजूने मी चेपलो आहे आणि माझे ढग विस्कटले आहेत. ते कसे विस्कटले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

सहावीतल्या श्रावणीने विज्ञान प्रदर्शनासाठी आम्हा चौघा भावंडांना घडवले. फुग्यावर भिजलेल्या वर्तमानपत्राचे थर, वर डिंक आणि रंग. बुधाला तिने बोटाने खड्डे पाडले. त्याच्याजवळ हवा म्हणावी अशी नाहीच, म्हणून तो दिवसा भाजतो आणि रात्री गोठतो. मंगळाला गेरू मिळाला, कारण त्याच्या मातीतले लोखंड गंजलेले असते. पृथ्वीला निळा रंग आणि हवा म्हणून आईच्या जुन्या ओढणीचा विरळ तुकडा. माझ्या वाट्याला आला रजईतला कापूस, हळदीच्या पाण्यात बुडवलेला. तो टोपीसारखा काढता येई आणि खाली माझे तपकिरी खडक दिसत.

शेजारची राधिका मला बघून म्हणाली, "ये तो हल्दीवाला रसगुल्ला है."

"हस मत," श्रावणी म्हणाली. "बुध सूरज के पास है, फिर भी सबसे गरम यही है."

"काहून?" तिची आई मंजिरी पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "जवळ असन त्यालेच जास्त ऊन लागन ना?"

"मम्मा, याची हवा खूप जाड आहे. ऊन आत येतं, जमीन तापते, पण तो ताप बाहेर जाऊच शकत नाही. शिसं वितळेल इतकं गरम."

मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा अभिमान वाटला.

मंजिरी फार जपणारी बाई. कारखान्यांच्या काजळीमुळे खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवले की काळे होते, म्हणून तिच्या घरातल्या खिडक्या बंद. श्रावणीच्या दीड वर्षाच्या भावाला, नीलला खोकला झाला, तेव्हा तर गाडीच्या काचाही वर आणि एसी बंद. नवरा गौतम चिडवायचा, "पोट्ट्याले डब्यात ठेवते का लोणच्यासारखं?" ती म्हणायची, "तुम्ही जागत नाही ना त्याच्यासंगं, मी जागते."

प्रदर्शन नवा रायपूरला होते. एप्रिलचे ऊन, रुंद रस्ते, काठीएवढी झाडे, सावलीचे नाव नाही. नील मागच्या सीटवर झोपला होता. आम्हा ग्रहांना खिळ्यांवर बसवलेली लाकडी पाटी श्रावणीला एकटीने उचलता येत नव्हती, आणि मला बसवायचा खिळाही वाटेत निघाला होता. मंजिरीने नीलकडे पाहिले. उठवले तर रडेल, खोकला उसळेल. बाहेर धुळीची वावटळ फिरत होती. तिने त्याच्या पायांवर ओढणी टाकली, मला शेजारी ठेवले, काचा नीट लागल्या की नाही ते पुन्हा तपासले, दारे लॉक केली आणि म्हणाली, "पाटी ठेवून आलीच मी."

मित्रांनो, तिने हे दुर्लक्षाने केले नाही. जपण्यासाठीच केले.

आधी बरे वाटले. मग समोरच्या काचेतून ऊन आत आले आणि सीट तापू लागली. माझा डिंक सैल झाला, ढग घसरले. माझ्या पोटातली हवा फुगल्यासारखी वाटली. आणि नीलच्या कपाळावर केस चिकटले. तो कुशीवर वळला, कण्हला, ओढणीत पाय अडकवून बसला. त्याचा हात माझ्यावर पडला आणि मी चेपलो. तो रडला, पण बंद काचेबाहेर ते रडणे कोणाला ऐकू जाणार? मी कागदाचा. मला ओरडता आले नाही.

प्रदर्शनाच्या दालनात काय घडले, ते मी नंतर ऐकले. टेबल बदलायला लावले, पाटीचा पाय डगमगत होता, मंजिरी खाली बसून तो बांधत होती. तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. "शुक्र नाही का?" त्यांनी विचारले.

"गाडीत राहिला," श्रावणी म्हणाली. "मी तसंच सांगते. शुक्रावर ऊन आत येतं, आणि ताप बाहेर..."

तिचे वाक्य तिथेच तुटले. तिने आईकडे पाहिले. "मम्मा, नील." परीक्षक बाईंना उभे ठेवून ती धावत सुटली. मागून किल्ली घेऊन मंजिरी.

दार उघडले तेव्हा नील लालबुंद आणि घामाने चिंब झाला होता. रडण्यातही जोर उरला नव्हता. पहारेकरी भैय्यालाल मडक्यातले पाणी घेऊन आला. "दीदी, पहले छाँव में लाओ. कपड़ा गीला करो, पंखा झलो." ओल्या फडक्याने अंग पुसल्यावर पोर घटाघट पाणी प्यायले आणि मग मोठ्याने रडले. ते रडणे ऐकून मंजिरी पायरीवर बसली ती उठेचना. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितले, बाळाला वेळेवर बाहेर काढले.

घरी येताना ती एवढेच म्हणाली, "मी त्याले धुळीपासून वाचवत होती."

 श्रावणीने नंतर मला हातात घेऊन सांगितले की गाडी आणि शुक्र अगदी एकसारखे नाहीत. गाडीत तापलेली हवा काचांमुळे कोंडते, शुक्रावर दाट कार्बन डायऑक्साइड ताप अडवतो. चूक राहू नये, एवढ्यासाठी तिने ते सांगितले.

पुढच्या रविवारी भर दुपारी मंजिरी अंगणातल्या गाडीत जाऊन बसली. काचा वर, इंजिन बंद. गौतम दाराशी उभा होता.

"काय करून राहिली?"

"थांबा. मले माहीत करून घ्यायचं आहे."

थोड्याच वेळात तिने दार ढकलले. चेहरा घामाने निथळत होता. ती बाहेर आली, नीलला कडेवर घेतले आणि म्हणाली, "याले तर दार बी उघडता येत नव्हतं."

म्हणून, मित्रांनो, तुम्हाला विनंती आहे. बंद गाडीत लहान बाळाला क्षणभरही ठेवू नका, मोठ्यांनाही ठेवू देऊ नका. आणि कोणाला जपताना त्याच्याभोवती भिंत उभी कराल, तर आधी एकदा त्या भिंतीच्या आत जाऊन बसा.