एक जूनची अकरा मुले

शके १८५०, चैत्र वद्य पंचमी, मंगळवार, तारीख १० एप्रिल १९२८. स्थळ सोलापूर, फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या कचेरीचा पूर्वेकडील व्हरांडा. वेळ सकाळी साडेदहाची.

ईस्टरच्या चार दिवसांच्या सुटीनंतर कचेरी त्या दिवशी प्रथमच उघडली होती आणि चार दिवस तुंबलेले पक्षकार व्हरांड्यात दाटले होते. कोपऱ्यातल्या बाकावर म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेचे सेवानिवृत्त हेडमास्तर गंगाधरपंत कासेगावकर मांडीवर कागदांची चळत घेऊन ताठ बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांचा जुना विद्यार्थी कमलाकर होटगीकर होता. बाकावर बसण्यास साफ नकार देऊन भिंतीला पाठ लावून खाली बसली होती ती कुंभारी गावची म्हातारी सुईण, दगडाबाई.

कमलाकर बी. एस्‌सी. होऊन इथल्या एका गिरणीच्या रंगखात्यात नोकरीला होता. करडईच्या फुलातला तांबडा रंग उन्हात का विटतो, यावर त्याने दोन वर्षे फावल्या वेळात प्रयोग केले होते. ते टिपण वाचून जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी त्याला डॉक्टरेटसाठी आपल्या हाताखाली घेण्याचे मान्य केले होते. मात्र विद्यापीठाच्या दप्तराने तीन कागद मागवले होते: परीक्षांची सर्टिफिकेटे, उमेदवाराने स्वहस्ते लिहिलेले जीवनवृत्त आणि जन्माचा दाखला. एक मेपर्यंत ते पोचले नाहीत, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. शनिवारी मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटीची डाक चुकली, तर ते पोचणे शक्य नव्हते.

पहिल्या दोन कागदांची अडचण नव्हती. तिसऱ्याची होती, कारण कमलाकर जन्मल्याची नोंद पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नव्हती. तो जन्मला त्या हिवाळ्यात प्लेगने सोलापूर रिकामे केले होते. लोक कुंभारीच्या बाजूला शेतांतून कडब्याच्या झोपड्या घालून राहिले होते, आणि जन्ममृत्यूची नोंद ज्या कारकुनाने करायची, तोही अशाच एका झोपडीत जीव मुठीत धरून बसला होता. त्याच झोपड्यांत कमलाकरचे आईबाप आठवड्याच्या अंतराने गेले. पत्रिका कोण मांडतो! पुढे ज्या चुलत्याने त्याला वाढवले, तोही आता हयात नव्हता. दाखला नसेल तर जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसाचे शपथेवरचे निवेदन चालेल, असे दप्तराने कळवले होते. असे माणूस जिवंत आहे की नाही, याचा शोध गंगाधरपंतांनी तीन आठवडे घेतला, आणि दगडाबाई सापडली.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर त्यांनी स्वतः रचला होता. त्याला दोन दिवस लागले होते. आता तो मजकूर ते दगडाबाईला सावकाश वाचून दाखवू लागले.

"‘...सदरहू कमलाकर याचा जन्म दिनांक १ जून १९०५ रोजी माझ्या समक्ष झाला, हे मी ईश्वरास स्मरून...’"

"जून म्हंजी कवा, मास्तर?"

"ज्येष्ठ. मृगाच्या तोंडावर."

"न्हाय."

"काय न्हाय?"

"जेठात न्हाय जनमला ह्यो. भोगीला जनमला. संक्रांतीच्या आदल्या दिशी."

गंगाधरपंतांनी चष्मा काढला. वादाला तोंड लागले की चष्मा काढायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय होती. "दगडाबाई, तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट ही. तुमच्या हातावर शेकडो मुले जन्मली असतील. थोडी गल्लत होणे स्वाभाविक आहे."

"थोडी? जेठ कुटं आन भोगी कुटं! म्या भाकरी थापत हुते की. हाताला बाजरीचं पीठ तसंच, आन ह्येचा बाप बांदावर येऊन हाका मारतोय. पीठ न धुता पळाले मी."

"बाजरीची भाकरी काय वर्षातून एकदाच होते?"

"वर तीळ लावून?" दगडाबाईने विचारले. "तसली एकदाच हुतीया."

गंगाधरपंतांनी हातातला कागद मिटला. पुराव्यापुढे माघार घेण्याचे शिक्षण त्यांनी मुलांना दिले होते, आणि ते त्यांना स्वतःलाही लागू होते.

कमलाकर बाकावरून उतरून तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजी, आई... तेव्हा शुद्धीवर होती?"

"व्हय रं बाळा. चांगली बोलत हुती. पयलं इचारलं, काळा का गोरा? म्या म्हनलं, काळासावळा हाय, पर घसा लई मोटा हाय. तर हसली. दुसऱ्या दिशी संक्रांत. कुटला सन आन कुटलं काय! पर तुजी आई म्हनली, दगडाबाई, कुटून तरी तिळगूळ आना. आनला. तर बोटावर येक कन घिऊन तुज्या व्हटाला लावला. म्हनली, गोड बोल." दगडाबाईने पदराने नाक पुसले. "पाचवीला ताप चडला तिला. मग काय!"

कमलाकरने मान खाली घातली. आपल्याला आई होती, हे त्याला ठाऊक होते. ती हसली होती, हे त्याला त्या क्षणापर्यंत कोणी सांगितले नव्हते.

आता १ जून ही तारीख आली कोठून, हे सांगणे प्राप्त आहे. ती गंगाधरपंतांची होती. १९११ सालच्या जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा प्लेगातून उरलेली अनेक पोरे चुलत्या-मामांचे बोट धरून दारात उभी राहिली. रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवण्यास खात्याची मनाई होती. ‘कधी जन्मला?’ म्हणून विचारले तर चुलता म्हणे, ‘मास्तर, तुम्हीच घाला काय ती.’ तारीख नाही तर नाव नाही, आणि नाव नाही तर शाळा नाही. गंगाधरपंतांनी दौतीत टाक बुडवला आणि शाळा उघडल्याचाच दिवस, सहा वर्षे मागे नेऊन, लिहून टाकला. त्या आठवड्यात त्यांनी अशी अकरा मुले एकाच दिवशी जन्माला घातली. पुढे त्यांची रजिस्टरे इतकी स्वच्छ आणि बिनचूक गणली जाऊ लागली, की इन्स्पेक्टर ती तालुक्यातल्या इतर मास्तरांना नमुना म्हणून दाखवीत. त्या अकरा ओळींची आठवण गंगाधरपंतांना दर वेळी होई, आणि दर वेळी ते ती दाबून टाकीत.

कचेरीतले कारकून रावजी हा संवाद दारातून ऐकत होते. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, एवढा घोळ कशाला? बाईला कुठं वाचता येतं? साहेब विचारतील, मजकूर खरा ना? ती म्हणेल, व्हय. अंगठाच तर उठवायचा. पाच मिनिटांचं काम."

"गुरुजी, रावजी म्हणतात तेच बरं," कमलाकर म्हणाला. "माझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर एक जून आहे. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या, तर तिकडचे लोक म्हणतील, हा मनुष्य एक की दोन? आणि खरी तारीख पुढे आली, तर खोटी कोणी घातली, ते सांगावं लागेल. मला ते नको. मला एक जून चालते."

"चालते?"

"इतकी वर्षं चाललीच की."

तो हे म्हणत होता तेव्हा त्याच्या हातात पेन्सिल होती आणि गुडघ्यावर विद्यापीठाचे पाकीट होते. गंगाधरपंतांची नजर पाकिटाच्या कडेला गेली. तिथे बारीक अक्षरात तीन वेळा लिहिले होते: भोगी, भोगी, भोगी. पहिल्यांदा आपले नाव लिहायला शिकलेले मूल पाटीवर जसे लिहीत सुटते, तसे.

गंगाधरपंत उठले. "दगडाबाईंना पाणी आणून दे. मी तासाभरात येतो."

टांगा करून ते घरी आले आणि थेट माडीवर गेले. तिथे गेल्या पन्नास वर्षांची पंचांगे सालवार बांधून ठेवलेली होती. प्लेगच्या त्या हिवाळ्याचे, शके १८२६ चे काढून, पौषाचे पान उघडून त्यांनी भोगीची इंग्रजी तारीख लिहून घेतली: १२ जानेवारी १९०५. ते खाली आले, तेव्हा त्यांच्या पत्नी दुर्गाबाई जिन्याशी उभ्या होत्या.

"भर दुपारी पंचांग? कोणाचं लग्न काढलंत?"

गंगाधरपंतांनी थोडक्यात सांगितले. सांगून झाल्यावर म्हणाले, "सरकारी रजिस्टरात जाणूनबुजून खोटी नोंद केली, असं मला शपथेवर सांगावं लागणार. उद्या गावभर होईल. पेन्शनीवरही बेतू शकतं."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"तर त्या बाईच्या तोंडून खोटं वदवावं लागेल. किंवा पोराची जागा जाईल."

दुर्गाबाईंनी दाराबाहेर नजर टाकली. "मग इथं का उभे आहात? टांगा थांबवून ठेवलाय ना?"

कचेरीत परतल्यावर जुना मजकूर त्यांनी व्हरांड्यातच फाडला आणि बाकावर बसून दोन नवे लिहिले. पहिला दगडाबाईचा होता, आणि तिने सांगितले तसा होता, बाजरीच्या पिठासकट. दुसरा त्यांचा स्वतःचा. त्यात एकही विशेषण नव्हते. ‘सदर विद्यार्थ्याची जन्मतारीख मला ठाऊक नव्हती. ती ठाऊक नाही, हेही मला ठाऊक होते. १ जून १९०५ ही तारीख मी माझ्या मनाने लिहिली. पुढील सर्व सर्टिफिकेटांत ती माझ्यापासून आली आहे. दोष विद्यार्थ्याचा नाही.’

कमलाकरने तो वाचला. "गुरुजी, शेवटची दोन वाक्यं काढा."

"का? व्याकरण चुकलं?"

"नाही."

"मग राहू दे."

तीन वाजता पुकारा झाला. साहेबांनी आधी दगडाबाईला विचारले. तिने सगळी हकीकत सांगितली, आणि मध्येच साहेबांनाच विचारले, "तुमच्यात भोगीला भाकरीवर तीळ लावत न्हाईत व्हय?" साहेबांनी लावतात असे कबूल केले. मग त्यांनी दुसरा कागद उचलला, वाचला आणि पुन्हा वाचला.

"मास्तर, खोटी नोंद हा गुन्हा आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग का केलीत?"

"रकाना रिकामा सोडला असता, तर मूल शाळेबाहेर राहिलं असतं. दोन चुकांतली लहान चूक मी निवडली. ती लहान होती, असं मला आजही वाटतं. पण चूक नव्हती, असं मी म्हणणार नाही."

"अशी किती?"

"अकरा."

कचेरीत कोणी तरी हसले. रावजींनी खाकरून घसा साफ केला. "साहेब, परवानगी असेल तर... माझीही एक जूनच आहे."

"ती यांनी घातली?"

"नाही जी. मंगळवेढ्याच्या मास्तरांनी."

आता साहेबही हसले. पण गंगाधरपंत हसले नाहीत, हे पाहून त्यांनी हसू आवरले. "उरलेल्या दहांचं काय करणार, मास्तर?"

"त्यांच्या सुइणी शोधीन."

साहेबांनी टाक उचलला. दोन्ही कागदांवर कचेरीची मोहोर उठली. रजिस्टराबद्दल त्यांनी एवढेच लिहिले की, नोंद सद्‌हेतूने झाली असून कारवाईचे कारण दिसत नाही.

त्या संध्याकाळी कमलाकरने आपले जर्मन जीवनवृत्त पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिले. गुरुवारी पाकीट रजिस्टर झाले. पुढचे अडीच महिने गंगाधरपंतांनी कोणाशी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मात्र पोस्टमनची वेळ झाली की ते ओट्यावर येऊन बसत आणि पुस्तक उलटे धरलेले असे. दोन तारखांचा मनुष्य तिकडे कोणी स्वीकारील का, ही शंका त्यांना होती. आपण ताठ राहून पोराचे नुकसान तर केले नाही, ही शंका तिच्याहून मोठी होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पत्र आले. कमलाकर ते घेऊन धावतच आला आणि दारातच वाचून दाखवू लागला. उमेदवार कमलाकर होटगीकर, जन्म १२ जानेवारी १९०५, यास ऑक्टोबरच्या सत्रापासून प्रवेश देण्यात येत आहे. शिक्षकांचे निवेदन उमेदवाराच्या कागदांत कायम ठेवले आहे. इतकेच. ‘निवेदन’ या शब्दामागे त्या लोकांनी काय विचार केला असेल, यावर गंगाधरपंतांनी अर्धा तास तर्क केला, आणि अखेर दुर्गाबाईंनी त्यांच्या हातात पागोटे दिले.

गुरुशिष्य दोघे कुंभारीला गेले. दगडाबाई अंगणात शेंगा फोडत होती. कमलाकर तिच्या पाया पडला.

"काय म्हनले ते तिकडचे?"

"म्हणाले, हा जन्मला आहे," गंगाधरपंत म्हणाले.

"त्ये तर मला ठावंच हुतं की." तिने कमलाकरचा हात धरून त्याला शेजारी बसवले आणि मूठभर दाणे त्याच्या ओंजळीत घातले. "तितं थंडी लई असती म्हनं. आंगावर घेत जा. आन बाजरी न्हाई गावली, तर जी भाकरी गावंल तिला भोगीला तीळ लाव."

"लावीन, आजी."

गंगाधरपंत उभेच होते. निघायची वेळ झाली तरी त्यांचा पाय निघत नव्हता. शेवटी ते म्हणाले, "दगडाबाई, मी त्या वेळी चौकशी केली असती, तर तुम्ही तेव्हाच सापडला असता. याला त्याचा दिवस सतरा वर्षे आधी कळला असता. आईबद्दलही कळलं असतं. ती चूक कोणत्याच कागदात आली नाही."

दगडाबाईने शेंगेचे टरफल बाजूला टाकले आणि त्यांच्याकडे वर पाहिले.

"चुकलासाच, मास्तर," ती म्हणाली. "पर साळंत घातलासा, त्ये बेस क्येलंसा."