पहिल्या किल्ल्याचा खंदक

तीन रविवार आम्ही तो खंदक ओलांडायच्या खटपटीत घालवले. फाशांचा हा खेळ ताईने रचलेला. राक्षसांचे पाच किल्ले जिंकायचे आणि नकाशा तिने हाताने काढलेला. पहिल्याच किल्ल्याभोवती तपकिरी, गोल खंदक. भाऊजी सुतार, त्यामुळे होडीच्या फळ्या किती जाड हव्यात यावरचं त्यांचं प्रवचन संपेना. शेजारच्या वकीलबाई तर पाण्यात मगरी असणारच म्हणून अडून बसल्या. शेवटी माझं डोकं फिरलं. "बास झालं. घोडे देऊन होड्या घ्या. आज निघायचं म्हणजे निघायचं."

खेळातले सगळे घोडे गेले, तीन होड्या आल्या. मी ऐटीत म्हणालो, "होड्या खंदकात सोडतो."

ताई माझ्याकडे बघतच राहिली. "कुठला खंदक? किल्ला डोंगरावर आहे. तिथे प्यायलासुद्धा पाणी नाही."

मी नकाशावर बोट ठेवलं. तिने तिथे नखाने खरवडलं. "हा चहाच्या कपाचा डाग आहे."

"मग तीन रविवार मूग गिळून का बसली होतीस?"

"मला वाटलं, होड्या पुढच्या किल्ल्यासाठी आहेत."

"नकाशावर कप ठेवणारं गाढव कोण, ते आधी सांगा," मी खेकसलो आणि तावातावाने माझा कप उचलला.

दुसऱ्या किल्ल्याभोवती ओला खंदक झाला होता.