शेडपुढची पायरी

पायरी उलटली तेव्हा आल्फ्रेडला आधी गांडुळं दिसली, मग अक्षरं.

हिवाळ्यात जमीन गोठून फुगली होती आणि अवजारांच्या शेडपुढची ही पायरी एका अंगाला वर आली होती. शनिवारी कबरस्तानात पाहुणे येणार, कुणी अडखळायला नको, म्हणून शुक्रवारी सकाळीच त्याने पहार लावली होती. एप्रिलची माती अजून बर्फासारखी गार होती.

त्याने दगड शेडच्या भिंतीला उभा केला, बादलीभर पाणी आणलं आणि मऊ ब्रशने खालून वर घासायला लागला. वरून घासलं की मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडात डाग सोडतं, हे तो इथेच शिकला होता. हळूहळू एक कोरलेली ढाल दिसू लागली. ढालीच्या आत नाव होतं. जोसाया बर्टन. खाली कंपनी एफ. त्याखाली यू. एस. कलर्ड इन्फंट्री. एकेक अक्षर काल कोरल्यासारखं धारदार होतं.

आल्फ्रेड उलट्या बादलीवर बसला. दगड इथे कुणी आणला, हे त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. त्यानेच आणला होता.

एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, तेव्हाच्या सुपरवायझरने सांगितलं होतं, मागच्या कुंपणापाशी दोन-तीन फुटके दगड पडलेत, पायरीला घे. दगड गवतात पालथा पडला होता, तळाशी तुटलेला. आल्फ्रेडने तो तसाच ढकलगाडीवर घातला आणि तसाच इथे पालथा बसवला. मनात शंकासुद्धा आली नाही. वसईला त्यांच्या चर्चच्या कबरस्तानात जागा कमी. काही वर्षं गेली की कबर उघडायची, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची आणि जागा पुढच्याला द्यायची. दगड निघाला म्हणजे माणूस हलवला, एवढंच त्याला माहीत होतं. त्याच्या आजोबांच्या जागेत आता तीन जण होऊन गेले होते. इथे माणसाला कुणी हलवत नाही, हे कळायला त्याला वर्ष लागलं. तोवर तो पायरी विसरला होता.

दिवसाला वीस वेळा तरी त्याचा पाय त्या दगडावर पडला होता. एकोणीस वर्षं. त्याने हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला.

त्याने मुलीला फोन लावला. लिनेट वॉटर्लू विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकत होती.

"डॅडी, आय ॲम इन द लॅब."

"दोन मिनिटं. कलर्ड इन्फंट्री म्हणजे काय गं?"

"ब्लॅक सोल्जर्स. अमेरिकन सिव्हिल वॉर. स्लेव्हरी संपवायला लढले ते. का?"

"मग तो इथे कसा? हा कॅनडा."

"अरे, गुलामीतून पळून इथेच तर यायचे लोक. ही वॉज सेफ हिअर, डॅडी. ॲण्ड ही वेंट बॅक." मग ती मराठीत म्हणाली, "सुटलेला माणूस परत गेला, बाकीच्यांना सोडवायला."

आल्फ्रेडने मान वर केली. समोर, टेकाडावर, मेपलच्या झाडाखाली जनरल हॉलोवेची कबर होती. आठ फुटी खांब, भोवती लोखंडी साखळी. हा जनरल दुसऱ्या बाजूचा, गुलाम राखणाऱ्यांच्या सैन्याचा. हरल्यावर पकडले जाऊ म्हणून इथे पळून आला, तळ्याकाठी घर बांधलं, म्हातारा होऊन मेला. उद्याचा कार्यक्रम त्याचाच होता. नवा ग्रॅनाइटचा फलक कापडाखाली तयार होता. त्यावर काय लिहिलंय ते आल्फ्रेडने बसवताना वाचलं होतं: सैनिकांवर पित्यासारखी माया करणारा सेनानी.

"हॉलोवे बघ जरा," तो म्हणाला. "काळ्या शिपायांचं काय करायचा तो?"

फोनवर टकटक ऐकू आली.

"त्याचा स्वतःचा रिपोर्ट आहे, डॅडी. स्कॅन केलेला. काळा शिपाई सापडला तर त्याला कैदी धरू नका. मालकाला परत करा. जखमी असेल तर... इट्स इन हिज ओन हँडरायटिंग."

अकराच्या सुमाराला जयदीप आला. कबरस्तान समितीचा चिटणीस, मूळचा पुण्याचा, मिल्टनला राहून एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. आल्फ्रेडशी तो नेहमी मराठीत बोलायचा आणि ते त्याचं त्यालाच फार आवडायचं.

"काय आल्फ्रेड अंकल, खुर्च्या आल्या का? ऐंशी आहेत. कुंपणाकडची बाजू पार्किंगला मोकळी ठेवा."

"कुंपणाकडे माणूस आहे," आल्फ्रेड म्हणाला आणि बाजूला सरकला.

जयदीपने दगड वाचला. फोटो काढला. फोनवर रजिस्टर उघडून शोधलं.

"नाव नाहीये. त्या बाजूला एकही एन्ट्री नाही. रेकॉर्ड नसेल तर टेक्निकली ती कबर होत नाही, अंकल. लूज स्टोन. शेडमध्ये ठेवून द्या, फॉलमध्ये बघू."

"रजिस्टर कोणी लिहिलं?"

"म्हणजे?"

"ज्यांनी लिहिलं त्यांनी त्या बाजूच्यांना लिहिलंच नाय. मग आता तुम्ही म्हणता, लिहिलं नाय म्हणून तो नाय."

जयदीप हसला, समजुतीने. "मला पटतंय तुमचं. पण उद्याच नको ना. जनरलच्या घरचे लोक येतायत, व्हर्जिनियाहून. इतिहासात दोन्ही बाजूंना चांगली माणसं असतात."

"एकाने विकायचं आणि दुसऱ्याने विकलं जायचं, ह्याला बाजू म्हणतात होय पुण्यात?"

"तुम्ही इमोशनल होताय." जयदीपचं हसू गेलं. "तुमचं काम ग्राउंड्सचं आहे, अंकल. आणि खरं सांगू, तो दगड पायरीला कोणी लावला, हे मी विचारलेलं नाही. विचारायला लावू नका."

"मीच लावला. लिहून घ्या," आल्फ्रेड म्हणाला. "रजिस्टरमध्ये पहिली एन्ट्री ती घाला."

जयदीपची गाडी गेल्यावर आल्फ्रेडने पुन्हा लिनेटला फोन केला. जागा त्याला साधारण आठवत होती, कुंपणाच्या तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मधली. साधारण चालणार नव्हतं.

"वरची हिरवळ फक्त सोल," ती म्हणाली. "खाली काळी माती, मग पिवळी चिकणमाती, असे सरळ थर असले तर तिथे कुणी खणलेलं नाही. काळं-पिवळं मिसळलेलं दिसलं तर खणलंय. खोल जाऊ नकोस, डॅडी. त्याला त्रास नको."

त्याने लांब पट्ट्यात हिरवळ सोलली, चटईसारखी गुंडाळली. तिसऱ्या खांबापाशी सरळ थर. अजून दोन पावलं, सरळच. मग काळ्यात पिवळे गोळे दिसायला लागले. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. त्याच्या पश्चिमेच्या टोकाला वीतभर खाली फावडं दगडावर आपटलं. त्याच दगडाचा तुटलेला बुंधा अजून ताठ रोवलेला होता.

ढकलगाडीवर त्याने दगड आणला. ह्या वेळी उताणा, खाली जुनी रजई घालून. बुंध्याच्या तुटक्या कडेला चुना लावला आणि दगड त्यावर ठेवला. तुटलेल्या कडा एकमेकींत अशा बसल्या, की मधे नखही जाईना. दोन्ही बाजूंनी लाकडाचे टेकू दिले, पाणसळ लावली. उजेड होता तोवर तो तिथेच होता.

शनिवारी जयदीप सगळ्यांच्या आधी आला. पार्किंगच्या बरोबर मधे उभा असलेला दगड त्याला गाडीतूनच दिसला.

"काढा तो."

"चुना ओला आहे. आता हलवला तर पुन्हा तुटेल." आल्फ्रेडने त्याला बुंध्याचा, मातीचा, टेप लावलेल्या खड्ड्याचा फोटो दाखवला. "लिनेटने हे काल समितीतल्या सगळ्यांना पाठवलंय. व्हर्जिनियावाल्यांना पण."

जयदीपने फोन परत केला. "सोमवारी मीटिंगला तुमचा विषय घ्यावा लागेल मला."

"घ्या. येताना रजिस्टर आणा."

जयदीपने काही खुर्च्या उचलून दगडापुढे मांडायला सुरुवात केली, म्हणजे तो टेकाडावरून दिसू नये. तीन मांडल्या. मग त्या तशाच सोडून तो पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडे गेला.

आल्फ्रेड ब्रश आणायला शेडकडे गेला. दाराशी सवयीने त्याने पाय उचलला, पायरी नव्हती. पाय खालच्या चिखलात गेला.

अकरा वाजता टेकाडावर बिगुल वाजला. ऐंशी माणसं उठून उभी राहिली, पुरुषांनी टोप्या काढल्या. फलकावरचं कापड ओढायचं काम आल्फ्रेडचं होतं. कुणीतरी त्याचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, मग दुसऱ्या कुणीतरी कापड ओढलं.

कुंपणापाशी आल्फ्रेड खुर्च्या एकेक करून मिटत होता. तिन्ही मिटून झाल्यावर त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट हिरवळीच्या कडेला ठेवले आणि मोज्यांनिशी ओल्या गवतातून दगडाच्या मागे गेला.

पुढची अक्षरं स्वच्छ होती. मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, बुटांनी घासून घासून दगड गुळगुळीत झाला होता, हाताचा पंजा मावेल एवढा. त्याने ब्रश बादलीत बुडवला आणि खालून वर घासायला लागला.