चाखून गिळणारा

नवऱ्याचं ब्लड प्रेशर खाली येईना, आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर! सासूबाई उठता-बसता ऐकवायच्या, "असलं आळणी कोण खाईल? माझा लेक बाहेर चोरून खात असणार. तुझ्या हातालाच चव नाही."

अहो, चव कुठून येणार? मीठ मी चिमटीनं घालतेय, आणि तेच आळणी स्वतःही खातेय. मध्यंतरी ह्यांचं तोंड थोडा वेळ वाकडं झालं होतं. "ही फक्त सूचना समजा," डॉक्टर म्हणाले, "मीठ तोडा. पुढच्या वेळी सूचना मिळेलच असं नाही." तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही.

त्या दिवशी हे गोळ्या घरीच विसरले. मी तणतणत कारखान्यात गेले. तिथे पाकिटातलं सूप बनतं आणि हे त्याची चव तपासतात. काचेपलीकडे टेबलावर वाट्याच वाट्या होत्या. शेजारची बाई सूप तोंडात घोळवायची, बेसिनमध्ये थुंकायची, चूळ भरायची. आणि आमचे हे? चमच्यामागून चमचा गिळत होते!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दार ढकलून आत शिरले. "अहो, ते थुंकायचं असतं ना?"

हे मान खाली घालून म्हणाले, "अन्न थुंकवत नाही गं. लहानपणी एकदा घास थुंकला, तर आईनं दिवसभर उपाशी ठेवलं होतं."

"आणि मी इथे मिठाचे कण मोजतेय! मी काय मूर्ख आहे?"

घरी आले ती थेट सासूबाईंपुढे. "तुमचा लेक चोरून नाही खात. तुमचं ऐकून खातो. दिवसभर, खारट!" मनात होतं नव्हतं ते सगळं बोलले. त्या आपल्या भाजी निवडत राहिल्या. त्याचाच जास्त राग आला मला.

संध्याकाळी हे हातपाय धुऊन बसले. सासूबाईंनी पुढ्यात रिकामं पातेलं आदळलं, वाटीभर पाण्यात मीठ ढवळलं आणि चमचा ह्यांच्या तोंडाशी नेला.

"चाख."

ह्यांनी चाखलं. सवयीनं गळा हलायला लागला.

"गिळलंस तर याद राख, गाढवा!" त्या किंचाळल्या. "थुंक! माझ्यादेखत थुंक!"

केस पिकलेला माणूस, आईकडे बघत राहिला. डोळे भरले. मग थुंकला.

सासूबाईंनी चमचा पुन्हा भरला.

"परत," त्या म्हणाल्या.