पहिला घोट

तिने चीजच्या तुकड्यात काडी खोचली आणि समोरच्या बाईंना दिली. आधी खारट लागेल, मग अक्रोडासारखं, असंही सांगितलं. बाईंनी खाल्लं, डोळे मिटले आणि भेट द्यायला दोन डबे बांधायला सांगितले.

विमानतळावरच्या त्या दुकानात आसपासच्या मळ्यांतला मध, चीज, वाइन मिळे, आणि चाखवून विकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. फक्त मध्यंतरी आलेल्या एका तापानंतर तिची चव गेली होती, वासही गेला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. आठवणीच्या जोरावर ती रोज पोपटपंची करायची, आणि घरी कुणाला याचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात वडील आले. पिशवीत फडक्यात गुंडाळलेली बाटली होती. पिंपातली वाइन बाटल्यांत भरण्याआधी पहिला घोट तिचा, हा घरचा जुना नेम. तिला ते ‘नाकवाली’ म्हणत. लग्न ठरवताना सासरच्यांना त्यांनी आधी तिचं नाक सांगितलं होतं, शिक्षण नंतर. गारपिटीत दोन हंगाम गेल्यावर त्यांचा द्राक्षांचा मळा यंदा कुठे पिकला होता.

तिने घोट घेतला. जिभेवरून गार काहीतरी गेलं. पाणी असतं तरी तिला कळलं नसतं. वडील श्वास रोखून तिच्याकडे बघत होते.

“छान झालीय, बाबा. मागच्यापेक्षा उजवी.”

ते स्टुलावर मटकन बसले.

“खरं सांगू? मला आंबल्यासारखी लागत होती. झोप उडाली होती माझी. म्हटलं, सगळी पिंपं गेली. म्हणजे माझीच जीभ म्हातारी झाली म्हणायची.”

आणि ते हसले. किती दिवसांनी हसले. तिच्या पाठीवर थाप मारून, रिकामी पिशवी झुलवत निघालेसुद्धा.

डब्यांसाठी थांबलेल्या बाईंपुढे तिने त्याच बाटलीतली थोडी वाइन ओतून धरली. बाईंनी ओठ लावले आणि तोंड वाकडं केलं.

“हे काय, कोशिंबिरीवर घालायचं व्हिनेगर?”

ती तशीच वडिलांच्या मागे धावली. असली वाइन एकदा बाजारात गेली की त्यांच्या मळ्याची बाटली पुन्हा कुणी हातात धरणार नव्हतं. पण वाइन बिघडलीय हे सांगायचं तर जीभ गेलीय हेही सांगावं लागणार होतं. पळता पळता ती वाक्य जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिला त्यांचा चेहरा दिसत होता.

ते काचेच्या दारापाशी पाठमोरे उभे होते, फोनवर तिच्या भावाशी बोलत.

“भरायला घे. सगळी घे. अरे, नाकवालीने चाखलीय, आता कसली शंका?”

फोन ठेवून ते वळले.

“काय गं? काही राहिलं का?”

तिने त्यांची दुमडलेली कॉलर नीट केली.

“नाही,” ती म्हणाली. “सावकाश जा.”