शेल्बीचा विलो

बटरनट तळ्याच्या धरणाला धरण म्हणायची मला स्वतःलाच लाज वाटते. साठ वर्षांपूर्वी एका गुरंवाल्याने ओढ्याच्या तोंडावर माती लोटली, पाणी अडवलं, काठावरचे जमिनीचे तुकडे विकले आणि तो फ्लोरिडाला निघून गेला. मागे राहिली आम्ही एकतीस घरं, पोहायला-गळ टाकायला एक तळं आणि बावीस फूट उंचीचा मातीचा बांध. आमच्या मिझुरी राज्यात असे बांध ढिगाने आहेत. त्यांचा धनी कोण म्हणून विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. आमच्याकडे सगळे माझ्याकडे बघायचे.

मी स्कूल बस दुरुस्त करणारा माणूस. पण 'वर्लिनला यंत्रांतलं कळतं' म्हणून धरण माझ्या गळ्यात पडलं. बावीस वर्षं दर शनिवारी मी बांधावरून चाललो. गवत कापलं, पाणउंदरांची बिळं बुजवली, सांडव्यात अडकलेले ओंडके काढले आणि सरकारी कागदावर खुणा केल्या. 'भेगा? नाहीत. खचलं? नाही. ओल?' तिथे मी दर शनिवारी लिहायचो, 'विलोपाशी, नेहमीसारखी.'

हा विलो, म्हणजे लांब लोंबत्या फांद्यांचं झाड, माझ्या मुलीच्या नावाचा. आमच्यात एक रीत होती. वर्षभरात तळ्यावरचं कुणी गेलं की मेच्या शेवटच्या सोमवारी, आमच्या वार्षिक सभेनंतर आणि जेवणाआधी, बांधावर त्याच्या नावाने एक झाड लावायचं. ही रीत कुणी काढली ते आठवत नाही. बांधावर झाड लावू नये हे तेव्हा आम्हा शहाण्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. उलट मुळं माती धरून ठेवतात, असंच सगळे एकमेकांना सांगायचे.

शेल्बी एकोणीस वर्षांची होती. जानेवारीत रस्त्यावर बर्फ होता आणि तिची गाडी पुलावरून खाली गेली. मे महिन्यात मी जागा शोधत बांधावर फिरलो. माथ्यावर माती दगडासारखी घट्ट होती. खाली पायथ्याशी मात्र कुदळ लोण्यात शिरावी तशी शिरली. केवढी छान जमीन, म्हटलं मी. तिथे विलो लावला. तो असा वाढला की बाकीच्यांची झाडं त्याच्यापुढे केविलवाणी दिसायला लागली. लोक म्हणायचे, "वर्लिन, तुझा हात लागला की झाड वाढतं बघ." आणि मी खुशाल छाती फुगवायचो.

नोरीन, माझी बायको, त्या वर्षी घराबाहेर पडली नव्हती. ना चर्चला, ना दुकानात. विलोला पहिली पालवी फुटली तेव्हा ती बघायला म्हणून आली. मग रोजच यायला लागली. घडीची खुर्ची घेऊन फांद्यांखाली बसायची, शेल्बीशी बोलायची. घरात मात्र ते नाव काढायची नाही. एकवीस वर्षं हे असंच चाललं.

मागच्या एप्रिलमध्ये धरणं तपासणाऱ्या सरकारी इन्स्पेक्टर आल्या. प्रुइट बाई, वयाने शेल्बी आज असती तेवढ्या. रबरी बूट घालून त्या विलोखाली उतरल्या आणि टाचेने माती दाबली. खड्ड्यात लगेच पाणी भरलं.

"मिस्टर स्ट्राउड, हे कधीपासून आहे?"

"हे ना? पहिल्यापासून. विलोला ओलच लागते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "ओल झाडामुळे नाही आलेली. बांध पाझरतोय. झाड त्या पाझरावर वाढलंय आणि आता त्याची मुळं आत शिरून पाण्याला वाट करून देतायत."

एकवीस वर्षं मी स्वतःच्या हाताने ते लिहून देत होतो आणि मलाच ते वाचता आलं नव्हतं.

त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, माथ्यावरची लहान झाडं तोडायची, पाणी तात्पुरतं उतरवायचं, विलो मुळासकट खणून काढायचा आणि तिथे वाळू-खडीचा थर घालून माती दाबायची. नुसता कापून चालणार नाही, मुळं आत कुजली की त्यांचीच बिळं होतील. हे ऑक्टोबरच्या आत झालं तर पुढच्या वसंतात तळं पुन्हा भरेल. दुसरा, विलो ठेवायचा असेल तर पाणी कायमचं दहा फूट खाली आणायचं. म्हणजे मध्ये डबकं आणि भोवती चिखल.

लहान झाडं तर दोन्हीत जाणारच होती, त्यांचा प्रश्न सभेपर्यंत उरलाच नाही. ज्याने त्याने आपापलं झाड आपणच तोडलं. मर्ल टिबेट्स अठ्ठ्याऐंशीचा, गेली चाळीस वर्षं रोज सकाळी धक्क्यावर गळ टाकून बसणारा. त्याने बायकोच्या नावचं डॉगवुडचं झाड हातकरवतीने कापलं आणि फांद्या ढकलगाडीत घालून नेल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "जा रे, गवत काप तुझं."

सभेत उकडलेल्या अंड्यांच्या आणि बटाट्याच्या सॅलडच्या वासात ड्वाइट हॉब्ज उभा राहिला. ड्वाइट आमचा अध्यक्ष आणि बुलडोझरचा मालक. त्याने दोन्ही मार्ग वाचून दाखवले आणि खाली बघत म्हणाला, "बोला."

नोरीन दाराजवळ हातात पर्स घट्ट धरून बसली होती. मी उठलो. घसा साफ केला. "झाड माझं आहे. चूक माझी आहे. विलो काढा."

"खाली बस, वर्लिन," मर्ल म्हणाला.

"मर्ल, तू ह्यात—"

"बस म्हणतो ना! माझी डोरिस ब्याऐंशीची होऊन गेली. जगली, भांडली, पाच नातवंडं बघितली. तिला झाड नसलं तरी चालतं. ही पोर एकोणीसची होती. मासे काय, बाजारातही मिळतात."

"तुला बाजारातले मासे खपतात होय रे!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. त्या हसण्यातच विलो ठेवावा म्हणून हात वर गेले. सगळेच्या सगळे. नोरीन रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, माणसं असावीत तर अशी.

पाणी सोडायचा व्हॉल्व्ह तीस वर्षांत कुणी फिरवला नव्हता. तो गंजून बसला होता, मी बारा हत्यारं लावली तरी हलेना. शेवटी ड्वाइटने बांधावरून जाड नळ्या टाकून पाणी खेचून काढलं. जूनभर तळं उतरत गेलं. धक्के हवेत लटकले. चिखलात बाटल्या, टायर, कुणाच्या तरी हरवलेल्या चपला दिसायला लागल्या. वास मारायला लागला. पोहायला येणारी नातवंडं एक दिवस राहून परत गेली. पण तळ्यावरच्या एकानेही कुरकुर केली नाही.

पाझर थांबला. पायथ्याची माती पहिल्यांदाच कोरडी पडली. मी कागदावर 'ओल? नाही.' असं लिहिलं आणि खूश झालो. ह्या गाढवाला त्या दिवशीसुद्धा कळलं नाही.

जुलैत पाऊस नव्हता. विलोची पानं आधी पिवळी पडली, मग गळायला लागली. ऑगस्टच्या मध्यावर त्याच्याखाली सावली उरली नाही, तरी नोरीन तिथेच टोपी घालून बसायची. मी गाडीवर टाकी भरून पाणी नेलं. दिवसाला दहा फेऱ्या मारल्या. झाड वाढलं होतं अख्ख्या तळ्याच्या पाझरावर, माझ्या टाकीने त्याचं काय भागणार?

मग मर्ल आला, हातात बादली घेऊन. दुसऱ्या दिवशी ड्वाइट आणि त्याची बायको. आठवड्याभरात रोज सकाळी माणसं यायला लागली. दुधाचे डबे, रंगाचे डबे, मुलांच्या खेळण्यातल्या बादल्या. ज्यांनी ह्या झाडासाठी तळं गमावलं होतं तेच आता त्या डबक्यातून पाणी आणून झाडाला घालत होते. 'मेलं' हा शब्द कुणी उच्चारला नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मी कुणी नसताना खालच्या फांदीची साल नखाने खरवडली. आत हिरवं नव्हतं. खोडाची खरवडली. तिथेही नव्हतं.

"मी पंधरा दिवसांपूर्वीच बघितलंय," नोरीन मागून म्हणाली.

"बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? मर्लला? त्याचा धक्का रोज दिसतो मला बांधावरून येताना." तिने टोपी काढून हातात घेतली. "पण आता सांगते. ऑक्टोबरला अजून महिना आहे. ड्वाइट खणेल, वसंतात तळं भरेल. त्यांचं त्यांना तरी मिळू दे."

सोमवारी सकाळी माणसं जमली तेव्हा ती खुर्चीवरून उठली. "ऐका. झाड गेलंय. मेलंय ते. ड्वाइट, तू उद्या डोझर आण."

ड्वाइटने बुटांकडे बघितलं. त्याची बायको म्हणाली, "नोरीन, विलो मुळातून फुटतात गं. माझ्या मावशीकडचा फुटला होता."

"हा नाही फुटणार."

"वसंतापर्यंत थांबू," मर्ल म्हणाला. "घाई काय आहे?"

"मर्ल, वसंतात काम सुरू केलं तर तळं त्याच्या पुढच्या वर्षी भरेल! तू अठ्ठ्याऐंशीचा आहेस!"

"मला माझं वय ठाऊक आहे, बाई." त्याने बादली उचलली तसं अर्धं पाणी बुटांवर सांडलं. उरलेलं त्याने खोडाशी ओतलं आणि बाजूला झाला. रांगेतला मागचा बादली घेऊन पुढे आला.

नोरीनने माझी बाही धरली. "वर्लिन, थांबव ना ह्यांना. आता तुझंच ऐकतील. धरणाचं तुला कळतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्याकडे तळं नव्हतं, झाडं नव्हती. आमच्यासाठी काही करायला एवढंच उरलं होतं आणि तेही काढून घ्यायला माझी जीभ उचलेना. मी टाकीतून एक बादली भरली आणि रांगेत शेवटी जाऊन उभा राहिलो.